‘दोष नाही’ असं सांगितलेल्या बायकांचं पुढे काय झालं? उस्मानाबादच्या गर्भाशयमुख कॅन्सर अभ्यासाचं प्रकरण

२००५ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका मोठ्या अभ्यासाचा पहिला अहवाल आला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर ओळखण्याच्या तीन तपासण्या तिथे एकमेकींसमोर उभ्या केल्या होत्या. ज्या गंभीर बदलांवर उपचार केले नाहीत तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, ते बदल किती बायकांमध्ये सापडले, हे त्या अहवालात मोजलं होतं. पहिल्या तपासणीत ०.७ टक्के, दुसरीत १.० टक्का, तिसरीत ०.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर या तीन आकड्यांत ठोस फरक धरता येत नव्हता. काम तिथेच थांबलं असतं, तर तिन्ही सारख्याच आहेत, म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सोपी असेल ती घ्या, असाच अर्थ कोणीही लावला असता.

काम थांबलं नाही. त्याच बायकांचा माग काढत राहिले आणि एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पुढचा अहवाल प्रसिद्ध झाला. या वेळी मृत्यू मोजलेले होते. तिन्हींपैकी एकाच तपासणीच्या गटात मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले.

सुरुवातीला बरोबरीत वाटलेल्या तपासण्या मृत्यू मोजल्यावर इतक्या वेगळ्या का ठरल्या, हा या प्रकरणाचा गाभा. कॅन्सरची कुठलीही नवी खूण, रक्तातली असो वा पेशींतली, पारखताना हा प्रश्न विचारावाच लागतो. आपल्याकडे तो पुरेसा विचारला जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जागेपासून सुरुवात करावी लागेल, कारण दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे काम झालंच असतं असं नाही. बार्शी हा सोलापूर जिल्ह्यातला तालुका, उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अगदी लागून. इथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या मदतीने ग्रामीण कॅन्सर प्रकल्प उभा राहिला. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी इथे सुरू झाली. शहरात अशी नोंदणी करणारा माणूस रुग्णालयांच्या फायली चाळतो. खेड्यात ते चालत नाही, कारण आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून बार्शीची माणसं उलट्या दिशेने निघाली. गावोगाव जायचं, बैठका घ्यायच्या, कोणती लक्षणं दिसली की दुर्लक्ष करू नये ते सांगायचं, संशय आला तर त्या व्यक्तीला तपासणीला आणायचं आणि कोण कशाने गेलं याची विचारपूस करायची. डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घडी बसवली.

या पद्धतीचा एक परिणाम १९९५ मध्येच छापून आला होता. तपासणीची कुठलीही मोहीम नसताना, निव्वळ माहिती पोचल्यामुळे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. पुढे नैतिकतेच्या प्रश्नाशी येऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता आजाराविषयी. गर्भाशयाच्या तोंडाशी होणाऱ्या या कॅन्सरच्या मुळाशी ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही असतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या कॅन्सरच्या पेशींमधून एचपीव्ही १६ हा प्रकार वेगळा काढला आणि २००८ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. लैंगिक संबंध सुरू झाल्यावर हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवून देतं. थोड्या जणींमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो. मग पेशी हळूहळू बदलतात आणि त्या बदलांचा कॅन्सर व्हायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. बाई वाचवायला मिळणारा वेळ तो हाच. अंगावरून पांढरं जाणं, संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं ही लक्षणं दिसेपर्यंत त्यातला बराचसा वेळ सरलेला असतो.

या काळात बदल पकडायच्या तीन वाटा उस्मानाबादमध्ये वापरल्या.

पहिली, व्हीआयए. गर्भाशयमुखाला चार टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं आणि मिनिटभर थांबून डोळ्यांनी पाहायचं. बदललेला भाग पांढरा पडतो. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल लगेच समोर असतो आणि प्रशिक्षण दिलं तर नर्सलाही हे जमतं.

दुसरी, पॅप तपासणी. पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रशिक्षित माणसाने वाचायच्या. श्रीमंत देशांत या कॅन्सरचे मृत्यू घटले ते प्रामुख्याने हिच्यामुळे, पण तिथे ती दर काही वर्षांनी, पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली.

तिसरी, एचपीव्हीची डीएनए तपासणी. यात पेशी कशा दिसतात याकडे कोणी पाहत नाही. नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे की नाही एवढंच यंत्र सांगतं. उस्मानाबादमध्ये ‘हायब्रिड कॅप्चर २’ हा संच वापरला. त्यातले आरएनएचे तुकडे धोक्याच्या तेरा प्रकारांच्या विषाणूंच्या डीएनएशी जोडले जातात, अशा जोड्या प्रतिपिंडं पकडतात आणि रासायनिक क्रियेतून पडणारा प्रकाश यंत्र मोजतं. ठरलेल्या पातळीच्या वर प्रकाश असेल तर पॉझिटिव्ह. वाचणाऱ्याच्या अंदाजाला इथे जागा नाही. खर्च मात्र मोठा, प्रयोगशाळा हवी आणि निकालासाठी बाईला थांबावं लागतं किंवा पुन्हा बोलवावं लागतं.

अभ्यासाची रचना साधी होती, पसारा मात्र प्रचंड. जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट केले. कुठल्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या काढाव्यात तसं निव्वळ योगायोगावर सोडलं. काही गटांत एचपीव्ही, काहींत पॅप, काहींत व्हीआयए, आणि चौथ्या भागात कुठलीच तपासणी मोहीम नाही, फक्त नेहमीच्या आरोग्यसेवा आणि आजाराची माहिती. ३० ते ५९ वर्षं वयाच्या, एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. एचपीव्ही गटात ३४,१२६, पॅप गटात ३२,०५८, व्हीआयए गटात ३४,०७४ आणि तुलना गटात ३१,४८८. भरती १९९९ च्या अखेरीस सुरू झाली. फ्रान्समधल्या लिआँ इथली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं रुग्णालय यांनी हे काम मिळून केलं. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनकडून आला. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बाजूने डॉ. आर. शंकरनारायणन आणि टाटाच्या बाजूने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत.

व्यक्तीऐवजी गावांचे गट का केले? एकाच गावात शेजारणींना वेगवेगळ्या तपासण्या दिल्या असत्या तर कोणाला काय मिळालं याची चर्चा चावडीपर्यंत गेली असती, आणि ते व्यवहार्यही नव्हतं. याची किंमत अशी की एका गटातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे हिशेब करताना १,३१,७४६ हा आकडा दिसतो तितकं बळ देत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांनी हे गणित सांभाळलं होतं.

तपासणी प्रत्येकीला एकदाच. एकच फेरी. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं यावर अवलंबून आहे.

२००५ चा अहवाल वाचताना मला सर्वांत आधी जाणवतो तो बायकांचा प्रतिसाद. पात्र बायकांपैकी ७२ ते ७४ टक्के तपासणीला आल्या. ज्या तपासणीविषयी घरात बोलायचीही चोरी, जिच्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, तिला चारांपैकी जवळपास तीन बायका आल्या. प्रयोगशाळेचं सगळं काम स्थानिक पातळीवर झालं, नमुने बाहेरगावी गेले नाहीत. आणि गंभीर बदल सापडलेल्या ८५ टक्क्यांहून अधिक बायकांना उपचार मिळाले. ग्रामीण भागात हे होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांना हे आकडे पुरेसं उत्तर देतात. त्यामागे बार्शीच्या नोंदणीने आधीच्या बारा-तेरा वर्षांत गावागावांत मिळवलेला विश्वास होता, असं मी मानते.

पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण व्हीआयएमध्ये १४.० टक्के, पॅपमध्ये ७.० टक्के, एचपीव्हीमध्ये १०.३ टक्के. म्हणजे एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या दहा जणींपैकी साधारण एकीलाच उपचार करण्याजोगा गंभीर बदल होता. बाकीच्या नऊ जणींना बार्शीपर्यंत जावं लागलं, दुर्बिणीसारख्या कोल्पोस्कोपने तपासून घ्यावं लागलं, प्रसंगी तपासणीसाठी गर्भाशयमुखाचा छोटा तुकडा द्यावा लागला, आणि घरी परतताना एक काळजी सोबत न्यावी लागली. हा विषाणू लैंगिक संबंधांतून येतो हे ऐकल्यावर घरात काय बोललं जाऊ शकतं याची कल्पना इथल्या वाचकांना द्यायला नको. तपासणीच्या फायद्याचा हिशेब मांडताना हा भार दुसऱ्या पारड्यात टाकायलाच हवा. तिथल्या आरोग्यसेविकांनी तो कसा पेलला यावर कोणी स्वतंत्रपणे लिहायला हवं होतं.

त्याच अहवालात आणखी एक ओळ आहे. व्हीआयएमध्ये गंभीर बदल सापडण्याचं प्रमाण काम पुढे सरकत गेलं तसं घसरत ०.५ टक्क्यांवर आलं आणि पॉझिटिव्हचं प्रमाणही उतरत गेलं. पॅप आणि एचपीव्हीमध्ये मात्र ते स्थिर राहिलं. लेखकांनी निष्कर्षात व्हीआयएला उपयुक्त पर्याय म्हटलं, पण तिच्यावर काटेकोर देखरेख लागते असा इशाराही दिला. माझ्या मते अर्धं उत्तर इथेच होतं. बायका त्याच, जिल्हा तोच, द्रावण तेच. बदलत होती ती पाहणाऱ्यांची नजर. शेकडो गर्भाशयमुखं पाहिल्यावर कुठलं पांढरेपण खरं आणि कुठलं सूज-जंतुसंसर्गाचं, याचा उंबरठा माणूस नकळत सरकवत जातो. यात नर्सचा दोष नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्या प्रत्येक तपासणीचा हा स्वभाव आहे, मग पाहणारा तज्ज्ञ डॉक्टर का असेना.

आता २००९. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे आकडे असे.

तुलना गटात ११८ बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला. त्यातल्या ८२ जणींचा आजार कळला तेव्हा दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात होता. ६४ जणी दगावल्या.

एचपीव्ही गटात १२७ कॅन्सर, पुढच्या टप्प्यातले ३९, मृत्यू ३४.

पॅप गटात १५२ कॅन्सर, पुढच्या टप्प्यातले ५८, मृत्यू ५४.

व्हीआयए गटात १५७ कॅन्सर, पुढच्या टप्प्यातले ८६, मृत्यू ५६.

एचपीव्ही गटात कॅन्सरने मरण्याचा धोका तुलना गटाच्या ०.५२ पट, म्हणजे जवळपास निम्मा. अनिश्चिततेचा पट्टा ०.३३ ते ०.८३ असा, रुंद खरा, पण पूर्णपणे एकच्या, म्हणजे तुलना गटाइतक्याच धोक्याच्या, खाली. पुढच्या टप्प्यात कॅन्सर सापडण्याचा धोका ०.४७ पट. पॅप आणि व्हीआयएमध्ये मृत्यूचा आकडा किंचित खाली दिसतो, पण तो योगायोगानेही तसा असू शकतो. व्हीआयए गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर तर तुलना गटाइतकेच राहिले.

एचपीव्ही गटातले एकूण कॅन्सर तुलना गटापेक्षा कमी नाहीत, उलट थोडे जास्त आहेत, याने घाबरून जायचं कारण नाही. तपासणी सुरू होते तेव्हा गावात आधीपासून लपलेले कॅन्सर असतात. तपासणीच्या गटात ते लगेच नोंदीवर येतात, तुलना गटात लक्षणं दिसतील तेव्हा. फरक टप्प्यात आहे. एचपीव्ही गटात सापडलेल्या कॅन्सरांपैकी तीनांतला जेमतेम एक पुढच्या टप्प्यातला. तुलना गटात तीनांतले दोन. पहिल्या टप्प्यातला हा कॅन्सर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बहुतेकदा बरा होतो. तिसऱ्या टप्प्यात लढाई फार अवघड होते. तरीही, एका फेरीने या आठ वर्षांत कॅन्सर होण्याचंच प्रमाण घटलेलं दिसलं नाही, हे या अभ्यासाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही स्पष्ट सांगायला हवं.

मूळ प्रश्नाचं उत्तर मला ज्या आकड्यांत दिसतं, त्यांची चर्चा मृत्यूंच्या आकड्यांइतकी होत नाही. तपासणीत निगेटिव्ह आलेल्या, ‘दोष नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्या बायकांचं पुढे काय झालं? एचपीव्ही निगेटिव्ह बायकांमध्ये कॅन्सरचं वार्षिक प्रमाण एक लाखामागे ३.७. पॅप निगेटिव्ह बायकांमध्ये १५.५. व्हीआयए निगेटिव्ह बायकांमध्ये १६.०. चौपटीहून अधिक.

२००५ मध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. त्या वेळी मोजलं गेलं ते सापडलेलं. निसटलेलं मोजायला वेळ जावा लागतो, कारण निसटलेला बदल कॅन्सर होऊन समोर येईपर्यंत तो निसटला होता हे कळत नाही. दोन तपासण्यांनी हजारात सारखेच बदल पकडले तरी ते बदल एकाच जातीचे असतील असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गंभीर दिसणारे काही बदल आपोआप विरून जातात, काही पुढे सरकतात. विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी रोगाच्या कारणावर बोट ठेवते. कारणच नसेल तर पुढची कित्येक वर्षं कॅन्सर होण्याची शक्यता फार कमी. पेशी पाहणारी किंवा पांढरा डाग पाहणारी तपासणी त्या दिवशीचं चित्र सांगते. उद्या तयार होणारा बदल तिला आज दिसत नाही. दर तीन वर्षांनी पुन्हा पाहणार असाल तर ही उणीव भरून निघते. आयुष्यात एकदाच पाहणार असाल तर निघत नाही.

म्हणून पॅप निकामी ठरली असा अर्थ या अभ्यासातून काढणं चूक आहे. एकदाच केलेली पॅप पुरेशी नाही, इतकंच ठरलं. आणि ज्या बाईला सरकारी व्यवस्था आयुष्यात एकदाच किंवा दोनदाच भेटणार आहे, तिच्यासाठी निगेटिव्ह निकाल दीर्घकाळ टिकणारी तपासणी हवी. या प्रकरणातून मी काढलेला निष्कर्ष हाच.

व्हीआयएच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात ४९,३११ बायकांच्या गटात व्हीआयएची एकच फेरी झाली होती आणि २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या. ७५,३६० बायकांच्या तपासणी गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निकाल डॉ. शास्त्री यांनी २०१३ मध्ये मांडला. मग उस्मानाबादमध्येच तीच तपासणी का हरली? मुंबईचं उत्तर सोपं आहे, चार फेऱ्या. एका फेरीत निसटलेलं दुसऱ्या फेरीत हाती लागतं. दिंडीगुलचा फरक अधिक कठीण आहे. उस्मानाबादमध्ये उतरत गेलेलं सापडण्याचं प्रमाण पाहता मला तपासणाऱ्यांच्या नजरेची शिस्त हेच कारण सर्वाधिक पटतं. व्हीआयए कुठे उत्तम चालते, कुठे नाही, आणि कुठे काय होईल हे आधी सांगता येत नाही. राज्यभर राबवायच्या कार्यक्रमासाठी ही मोठी अडचण आहे. यंत्राचा निकाल बार्शीत आणि भामरागडात सारखाच येतो, नजरेचा येत नाही.

आता तो चौथा गट. ३१,४८८ बायका आणि ६४ मृत्यू.

उस्मानाबाद, दिंडीगुल आणि मुंबई, तिन्ही अभ्यासांत तपासणी न मिळालेला एक गट होता. तिन्ही मिळून अशा बायका १,३८,६२४ आणि त्यांच्यातले गर्भाशयमुख कॅन्सरचे मृत्यू २५४. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी हा मुद्दा लावून धरला आणि २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पॅप तपासणीने जीव वाचतात हे जगाला कित्येक दशकं ठाऊक असताना एका गटाला काहीच न देणं समर्थनीय कसं, हा त्यांचा सवाल. संशोधकांच्या बाजूचं म्हणणं असं, की भारताच्या खेड्यांत त्या काळी तपासणीची कुठलीच संघटित सोय नव्हती, म्हणून तुलना गटाला मिळालं ते तिथल्या प्रचलित सेवेइतकंच होतं. आणि एक फेरी काहीच न करण्यापेक्षा बरी का, हे कळल्याशिवाय कुठलंही सरकार पैसा घालणार नव्हतं.

मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत आणि माझं मत सुबांच्या बाजूला झुकतं, पूर्ण नाही पण झुकतं. नुसत्या तीन तपासण्यांची आपसांत तुलना केली असती तरी मृत्यूंचे आकडे ३४, ५४ आणि ५६ असे समोर आले असते, आणि एचपीव्ही पुढे आहे हे तेवढ्यावरूनही दिसलं असतं. कळलं नसतं ते एवढंच, की व्हीआयएची एक फेरी काहीच न करण्याइतकी आहे की थोडी बरी. हा प्रश्न महत्त्वाचा होता हे मान्य. एखाद्या सरकारने स्वस्त म्हणून निरुपयोगी तपासणी लाखो बायकांवर राबवली असती तर तेही नुकसानच. पण ‘प्रचलित सेवा’ हा शब्दप्रयोग मला टोचतो. जिथे काहीच मिळत नाही तिथे काहीच न देणं हीच प्रचलित सेवा ठरते, आणि मग जितका गरीब जिल्हा तितकं संशोधकाचं काम सोपं. तुलना गटातल्या गावांना आजाराची माहिती दिली गेली, आणि बार्शीच्याच १९९५ च्या निष्कर्षाप्रमाणे माहितीनेही टप्पा सुधारतो, हे त्या गटाच्या बाजूने नोंदवायला हवं. तरीही ८२ जणी उशिरा आल्या.

त्या बायकांनी संमती देताना त्यांना नेमकं काय समजलं होतं? शेजारच्या गावांत तपासणी होते आहे, तुमच्या गावात मुद्दाम होणार नाही, हे इतक्या उघड शब्दांत सांगितलं असतं तर किती जणींनी हो म्हटलं असतं? अशा अभ्यासाच्या संमतीपत्रात हे वाक्य बोलीभाषेत, मोठ्या अक्षरांत असायला हवं, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे.

या जिल्ह्यातून आलेल्या पुराव्याचा जगाला उपयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेल्या धोरणात ७० टक्के बायकांची उत्तम दर्जाची तपासणी वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा व्हावी असं उद्दिष्ट आहे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्हीची डीएनए तपासणी पहिली पसंती ठरली, आणि बाईने स्वतःच घेतलेला नमुनाही चालेल असं सांगितलं गेलं. आयुष्यात दोन तपासण्यांवर विसंबता येईल या विश्वासामागे उस्मानाबादच्या एचपीव्ही निगेटिव्ह बायकांचा ३.७ हा आकडा उभा आहे.

आपल्या देशात गाडी हळू चालली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये कॅन्सर तपासणीचा आराखडा काढला तेव्हा गर्भाशयमुखासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए निवडली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्यांचं प्रमाण देशभरात १.९ टक्के निघालं. वीस वर्षांपूर्वी एका दुष्काळी जिल्ह्यात चारांतल्या तीन बायका आल्या होत्या, आणि देशाचा आकडा दोन टक्क्यांच्याही खाली. बायका येत नाहीत हे कारण पुढे करण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

लसीच्या बाजूला हालचाल अधिक आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. एका मात्रेनेही दीर्घकाळ संरक्षण मिळतं हे दाखवणाऱ्या भारतातल्या अभ्यासात बार्शीचं केंद्रही सामील होतं. पण लस आजच्या मुलींसाठी. ज्या बायका आज पस्तीस-चाळीस-पन्नासच्या आहेत, ज्यांच्यात विषाणू कदाचित दहा वर्षांपासून ठाण मांडून आहे, त्यांना तपासणीच वाचवेल.

आणि तपासणी आता २००० सालाइतकी अवघड राहिलेली नाही. क्षयरोगासाठी तालुक्यातालुक्यांत पोचलेली ट्रूनॅट यंत्रं गोव्याच्या मोलबायो कंपनीची आहेत आणि त्यांच्यावर चालणारी एचपीव्हीची चिपही निघाली आहे. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, त्यामुळे तपासणीच्या टेबलाची लाज आणि भीती टळते. अडचण पुढच्या पायरीवर आहे. दर शंभरात पॉझिटिव्ह येणाऱ्या दहा जणींना कोल्पोस्कोपपर्यंत कोण नेणार, त्या दिवशीची मजुरी कोण भरून देणार, बदललेला भाग गोठवून नष्ट करणारं यंत्र उपजिल्हा रुग्णालयात चालू आहे की धूळ खात पडलं आहे, आणि आठ वर्षांनी त्या बाईचं काय झालं हे लिहून ठेवणारी वही कोणाकडे आहे. उस्मानाबादमध्ये ८५ टक्क्यांहून अधिक बायकांना उपचार मिळाले ते बार्शीचं रुग्णालय आणि तिथली माणसं मागे उभी होती म्हणून. एचपीव्हीचे संच विकत घेण्याची निविदा निघेल तेव्हा त्याच कागदावर या चार गोष्टींची तरतूद असायला हवी.